किल्ली फिरवली, ‘टक’ झालं आणि पुढे काहीच नाही

प्रश्न : आमची दिंडोरी तालुक्यात साडेतीन एकर द्राक्षबाग आहे. ब्लोअर ओढायला तीन सिलिंडरचा छोटा ट्रॅक्टर आहे. गेल्या आठवड्यात पहाटे साडेपाचला भुरीच्या फवारणीसाठी औषध कालवून ठेवलं, किल्ली फिरवली, तर नुसता ‘टक’ असा आवाज आला. हेडलाइट लागत होते, हॉर्न वाजत होता. पाच-सहा वेळा किल्ली फिरवल्यावर एकदाचा सेल्फ लागला, पण इंजिन संथ फिरत राहिलं, पेटलं नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर मात्र निघत होता. धाकट्या भावाने खाली उतरून सेल्फला पाना लावून बघायचं ठरवलं होतं, मीच थांबवलं. शेवटी अकराच्या सुमाराला, ऊन चढल्यावर, पहिल्याच झटक्यात चालू झाला. काका म्हणतात, एअर धरली. फिटर म्हणतो, नवी बॅटरी टाका. भाऊ म्हणतो, हिटर प्लग गेला. तिघांपैकी कोणाचं ऐकू?

ता. क. बॅटरीच्या टर्मिनलवर निळी-हिरवी पावडर साचली आहे. बोर्डोची फवारणी उडून बसली असेल का?

उत्तर : भावाला थांबवलंत हे फार चांगलं केलंत. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो. आधी तुमच्या कोड्याकडे वळू.

पत्र दोनदा वाचलं. तुम्ही एक तक्रार लिहिली आहे असं तुम्हाला वाटतं, पण त्यात दोन तक्रारी आहेत. पहिली, सेल्फ लागत नव्हता. दुसरी, सेल्फ लागला तरी इंजिन पेटत नव्हतं. तिघे वेगवेगळं सांगत आहेत ते यामुळेच. फिटर पहिल्या तक्रारीवर बोलतो आहे, काका आणि भाऊ दुसरीवर. ट्रॅक्टर ‘चालू होत नाही’ एवढं म्हणून भागत नाही. किल्ली फिरवल्यावर नेमकं काय ऐकू आलं आणि सायलेन्सरमधून काय निघालं, हे सांगितलं की निम्मं निदान होऊन जातं. तुम्ही दोन्ही गोष्टी लिहिल्यात, त्यामुळे काम सोपं झालं.

किल्ली फिरवून अजिबात आवाज आला नसता, तर मी तुम्हाला आधी क्लच पूर्ण दाबला होता का, गिअर न्यूट्रलला होता का आणि पीटीओचा दांडा बंद होता का, हे विचारलं असतं. बऱ्याच ट्रॅक्टरांत या ठिकाणी सेफ्टी स्विच बसवलेले असतात. त्यातला एक जरी जुळला नाही, तरी सेल्फपर्यंत करंट पोहोचत नाही. फ्यूज उडालेला असणं किंवा शेडमधल्या उंदरांनी वायर कुरतडलेली असणं हेही याच घरातलं. पण तुम्हाला ‘टक’ ऐकू आलं. म्हणजे हे सगळं ठीक आहे.

तो ‘टक’ येतो कुठून? सेल्फच्या पाठीवर एक छोटा डबा असतो, त्याला सोलेनॉइड म्हणतात. किल्ली फिरवली की फ्यूज, किल्ली आणि क्लचचा स्विच यांतून थोडासा करंट या डब्यात जातो. आतला लोखंडी दट्ट्या खेचला जातो आणि दोन कामं करतो : सेल्फचं दातेरी चाक पुढे सारून फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवतो, आणि बॅटरीकडून आलेल्या जाड केबलचा करंट सेल्फच्या मोटरला जोडून देतो. ‘टक’ म्हणजे दट्ट्या खेचला गेला. मोटर फिरली नाही, याचा अर्थ जाड केबलमधून हवा तेवढा करंट आला नाही. आता शोध बॅटरी, तिची दोन टर्मिनलं, जाड केबल, अर्थिंग आणि सेल्फ एवढ्यांतच घ्यायचा आहे.

इथे बहुतेक जण म्हणतात, ‘पण लाइट तर लख्ख लागतोय, मग बॅटरीचा रस्ता खराब कसा?’ हा समज इतका पक्का बसलेला आहे की त्याचा थोडा हिशेब मांडायला हवा. ५५ वॉटचा हेडलाइट १२ व्होल्टवर साडेचार-पाच अँपिअर करंट घेतो. सेल्फला इंजिन फिरवायला दीडशे-दोनशे अँपिअर लागतात, म्हणजे लाइटच्या चाळीसपट. आता टर्मिनल आणि क्लॅम्प यांच्यामध्ये पावडर साचून ०.०२ ओहम एवढा अडथळा तयार झाला आहे असं समजा. साध्या मीटरला तो दिसणारही नाही. लाइटच्या करंटला या अडथळ्यापायी एक दशांश व्होल्टसुद्धा गमवावा लागत नाही, म्हणून लाइट लख्ख. पण दोनशे अँपिअर त्याच जागेतून जायला निघाले, तर ४ व्होल्ट तिथेच संपतात. सेल्फच्या वाट्याला उरतात आठ, आणि बॅटरी स्वतः दबली असेल तर त्याहून कमी. पाइपात माती अडकली तर ठिबकची नळी चालते, पण मोकळा पाइप सोडला की धार पडत नाही, त्यातलाच प्रकार. लाइट लागला म्हणजे बॅटरीत काहीतरी आहे एवढंच कळतं, ती सेल्फ फिरवू शकेल की नाही हे कळत नाही.

पाच-सहा वेळा किल्ली फिरवल्यावर सेल्फ एकदम लागला, हे तर सैल किंवा गंजलेल्या जोडाचं नेहमीचं लक्षण. उतरलेल्या बॅटरीचं वागणं याच्या उलट असतं. ती दर खेपेला आणखी मरगळते, ‘टक’चं ‘टकटकटक’ होतं आणि लाइट मंदावत जातो. म्हणून फिटरच्या सल्ल्यावर पैसे घालण्याआधी हा जोड तपासा. त्याला साधा मल्टिमीटर पुरतो.

आधी रात्रभर उभ्या ट्रॅक्टरच्या बॅटरीचा व्होल्टेज पाहा. लेड-अॅसिड बॅटरीत सहा सेल असतात, प्रत्येक साधारण २.१ व्होल्टचा. त्यामुळे भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते. १२.२ दिसलं तर ती निम्मी उतरलेली आहे, १२ च्या खाली गेली असेल तर जवळजवळ रिकामी. बारा व्होल्टची बॅटरी बारा दाखवते म्हणून ती भरलेली, असं धरून चालणारे बरेच जण भेटतात. प्रत्यक्षात बारा हा आकडा काळजीचा. पुढची तपासणी जास्त महत्त्वाची. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटीवर मधोमध टेकवा, दुसरी तिला बसवलेल्या क्लॅम्पवर, आणि दुसऱ्या माणसाला किल्ली फिरवायला सांगा. दोन्ही पिना एकमेकींपासून बोटभर अंतरावर आहेत, तेव्हा मीटरने जवळपास शून्य दाखवायला हवं. अर्धा व्होल्ट किंवा जास्त दिसला, तर चोर तिथेच बसला आहे. हीच परीक्षा दुसऱ्या टर्मिनलवर घ्या, मग निगेटिव्ह खुंटी आणि इंजिनचा उघडा धातू यांच्यामध्ये घ्या. अर्थिंगची पट्टी चेसिसला जिथे बोल्टने आवळलेली असते, तिथे रंग आणि गंज बसून जोड खराब होतो आणि त्याच्याकडे कोणाचं लक्ष जात नाही.

जोड साफ करताना आधी निगेटिव्ह काढा, मग पॉझिटिव्ह. बसवताना उलट, पॉझिटिव्ह आधी. कारण साधं आहे. निगेटिव्ह जोडलेलं असताना पॉझिटिव्हचा बोल्ट सोडायला गेलात आणि पाना चेसिसला टेकला, तर शॉर्ट होऊन मोठी ठिणगी पडते. चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, त्याच्याजवळ ठिणगी नको. खाण्याचा सोडा गरम पाण्यात कालवून पावडरीवर ओता, फेस थांबेपर्यंत. बॅटरीची बुचं घट्ट लावलेली असू द्या, सोडा आत गेला तर आतलं अॅसिड बाद होईल. स्वच्छ पाण्याने धुऊन, कोरडं करून, खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चकचकीत घासा. क्लॅम्प हाताने हलवून हलणार नाही इतका आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली आधी लावून मग क्लॅम्प बसवायचा नाही.

एवढं करून, बॅटरी रात्रभर चार्जरवर ठेवून, सकाळी सेल्फ मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली घसरत असेल, तर मात्र फिटरचं बरोबर आहे. तीन-चार वर्षं उन्हातान्हात, खाचखळग्यांत हादरे खाल्लेली बॅटरी थकते. त्याआधी तिच्यातलं पाणी बघितलं जातं ना? प्लेटा उघड्या पडल्या असतील तर डिस्टिल्ड वॉटर घाला. विहिरीचं, बोअरचं पाणी नको, त्यातले क्षार प्लेटांना मारक असतात. आणि दुकानातून अॅसिड आणून तर मुळीच ओतू नका. उडून जातं ते पाणी, अॅसिड आतच राहतं.

आता दुसरी तक्रार : सेल्फ लागला, इंजिन फिरलं, पण पेटलं नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हे इथे लक्षात ठेवायला हवं. ग्रास कटरवर काम केलेला माणूस डिझेल ट्रॅक्टरपाशी येऊनही ‘प्लग साफ केला का?’ विचारतो. पेट्रोल इंजिनाच्या बाबतीत ते ठीक आहे. परदेशातल्या घरांच्या आवारात गवत कापायला बसून चालवायचे छोटे ट्रॅक्टर असतात, ते बहुधा पेट्रोलवर चालतात. तिथे राहणाऱ्या कोणी आपल्यांनी हे वाचलं, तर त्यांनी ठिणगी, सीटखालचा स्विच आणि हिवाळाभर टाकीत राहून शिळं झालेलं पेट्रोल हे तिन्ही तपासावं. शिळ्या पेट्रोलचा चिकटा कार्बुरेटरच्या बारीक छिद्रात बसतो. तुमच्या ट्रॅक्टरला यातलं काही लागू नाही.

रुडॉल्फ डिझेलने १८९७ साली जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे जे इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं, त्याची कल्पना सायकलच्या पंपात सापडते. चाकात जोरजोरात हवा भरली की पंपाचं खालचं टोक हाताला गरम लागतं, कारण दाबलेली हवा तापते. डिझेल इंजिनात हवा सोळा ते बावीस पट दाबली जाते. ती इतकी तापते की तिच्यात डिझेलचा बारीक फवारा सोडला की तो आपोआप पेटतो. पण तोच सायकलचा पंप अगदी सावकाश दाबून बघा, टोक गरम होत नाही. हवा दबत असताना उष्णता पंपाच्या भिंतींत मुरून जाते आणि थोडी हवा वायसराच्या कडेने निसटते. इंजिन संथ फिरलं की सिलिंडरमध्ये हेच घडतं. हवा दबते, पण पेटण्याइतकी तापत नाही. डिझेल आत जातं, त्याची वाफ होते आणि न जळताच सायलेन्सरमधून बाहेर पडते. तुम्हाला दिसलेला पांढरा धूर तो हाच.

म्हणजे तुमच्या दोन तक्रारींचं नातं आई-मुलीचं आहे. खराब जोडामुळे सेल्फला पुरेसा करंट मिळाला नाही, म्हणून इंजिन संथ फिरलं. संथ फिरलं म्हणून हवा तापली नाही, आणि त्यात भर थंडीची. निफाड-दिंडोरीच्या पट्ट्यात डिसेंबर-जानेवारीत पारा पाच-सहा अंशांवर येतो, बागेत शेकोट्या पेटवायची वेळ येते, हे तुम्हाला मी काय सांगावं! अशा पहाटे इंजिनातलं ऑइल घट्ट असतं, म्हणून फिरवायला जोर जास्त लागतो. बॅटरीतली रासायनिक क्रिया मंदावते, म्हणून तिची ताकद कमी पडते. आणि सिलिंडरच्या भिंती गार, त्या उष्णता शोषून घेतात. तिन्ही गोष्टी एकाच वेळी तुमच्या विरोधात. अकरा वाजता उन्हाने तिन्हींची बाजू बदलली आणि ट्रॅक्टर पहिल्या झटक्यात चालू झाला. खराब जोड तेव्हाही तसाच होता, फक्त त्याच्यावर भार कमी आला. त्यामुळे ‘आता बरा झाला’ असं समजून सोडून देऊ नका. पुढच्या गारठ्यात तो पुन्हा अडेल.

काकांचं काय? एअर धरली असती तर पांढरा धूर दिसला नसता. डिझेलच पोहोचलं नाही तर धूर कशाचा निघणार? इंजिन चांगलं जोरात फिरतंय, पण सायलेन्सर कोरडा, धुराचा पत्ता नाही, अशी अवस्था असेल तर काकांचा शब्द पहिला घ्यायचा. टाकी पार आटेपर्यंत चालवली, फिल्टर बदलला किंवा नळीचा जोड ढिला झाला की डिझेलच्या वाटेत हवा शिरते. नोझल उघडायला दीडशे ते दोनशे बार दाब लागतो, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या दीडशे-दोनशे पट. डिझेल दाबलं की जवळजवळ आकसत नाही, म्हणून पंपाचा दाब थेट नोझलला पोहोचतो. मध्ये हवेचा बुडबुडा असेल तर पंप त्यालाच दाबत बसतो, तो स्पंजासारखा आकसतो आणि पुन्हा फुगतो, नोझल बंदच राहतं.

एअर काढायची रीत टाकीकडून नोझलकडे अशीच असते. टाकीचा कॉक उघडा आहे ना, ते आधी बघा. सर्व्हिसिंगनंतर तो बंद राहून गेला आणि माणसं तासभर घामाघूम झाली, हे मी स्वतः पाहिलं आहे. मग फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू थोडा ढिला करा. फीड पंपाला हाताने मारायचा दांडा असेल तर तो मारा. फेसाळ डिझेल येईल, बुडबुडे थांबून सलग धार लागली की स्क्रू आवळा. पुढे पंपावरच्या स्क्रूचं तसंच. शेवटी नोझलच्या पाइपचे नट अर्धा आटा सोडून सेल्फ मारला की तिथून डिझेल ठिबकतं, मग नट आवळायचे. हे करताना हात आणि तोंड नोझलच्या पाइपांपासून लांब ठेवा. इतक्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत जाते. जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असं झालं तर घरगुती उपाय न करता त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात जायचं.

धूर नसण्याचं आणखी एक साधं कारण म्हणजे इंजिन बंद करायचा नॉब. तो ओढलेलाच राहिला, तर पंप डिझेल सोडतच नाही. काही ट्रॅक्टरांत नॉबऐवजी विजेवर चालणारा कटऑफ असतो, त्याची वायर निघाली तरी हाच परिणाम.

चालू होऊन पाच-दहा मिनिटांनी बंद पडणारा ट्रॅक्टर ही याहून वेगळी गोष्ट. तिथे टाकीच्या झाकणाचं छिद्र पाहावं. कुंभारीण माशी मातीचं घर बांधायला अशी जागा हेरतेच. छिद्र बुजलं की डिझेल जातं, पण त्याच्या जागी हवा येत नाही, टाकीत ओढ तयार होते आणि डिझेल थांबतं. झाकण ढिलं केल्यावर सुस्कारा ऐकू आला तर कारण सापडलं.

भावाचं म्हणणं अर्धं पटण्यासारखं आहे. पांढरा धूर आणि गार पहाट ही हिटर प्लग गेल्याचीही लक्षणं असतात. हिटर प्लग म्हणजे सिलिंडरच्या डोक्यात बसवलेली तापणारी कांडी. तिचं काम ठिणगी देणं नव्हे, गार कप्प्यात ऊब देणं. सगळ्याच ट्रॅक्टरांना ती नसते, तुमच्या ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत पाहा. असेल तर तपासणी अवघड नाही. प्लगांना जोडणारी पट्टी काढा, १२ व्होल्टच्या टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या पॉझिटिव्हला लावा आणि टोक एकेका प्लगच्या शेंड्याला टेकवा. दिवा लागला तर आतली तार शाबूत आहे, नाही लागला तर तो प्लग गेला. आणि भावाला एक विचारा : त्या पहाटे किल्ली हिटरवर धरून वाट पाहिली होती का? घाईच्या वेळी कांडी तापायच्या आत सेल्फ मारला जातो. दहा-पंधरा सेकंद थांबायचं, मगच सेल्फ.

सेल्फ मारायचाही एक हिशेब आहे. चांगल्या इंजिनाला तीन सेकंद पुरतात, त्यात बॅटरीतलं फारसं काही खर्च होत नाही. पण दोनशे अँपिअरने दहा-दहा सेकंद दहा वेळा सेल्फ मारला, तर जवळपास साडेपाच अँपिअर-अवर उडतात. पन्नास अँपिअर-अवरच्या भरलेल्या बॅटरीचा तो दहावा हिस्सा, आधीच निम्म्या असलेल्या बॅटरीचा पाचवा. सेल्फच्या मोटरची तार तापते ते वेगळंच. दहा सेकंदांहून जास्त धरू नका आणि दोन खेपांमध्ये मिनिटभर जाऊ द्या.

शेजारच्या ट्रॅक्टरची बॅटरी जोडायची झाली तर पॉझिटिव्हला पॉझिटिव्ह जोडा. निगेटिव्हची दुसरी बाजू मात्र तुमच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या धातूला लावा, म्हणजे शेवटची ठिणगी बॅटरीपासून लांब पडेल.

गारठ्यात एअर क्लीनरच्या तोंडाशी पेट्रोलचा बोळा धरून चालू करणारे लोक आहेत. स्प्रे मारणारेही आहेत. हिटर लावलेल्या इंजिनात हे केलं तर पेट्रोलची वाफ वेळेआधीच, हवा येण्याच्या वाटेतच भडकू शकते. त्याऐवजी किटलीभर गरम पाणी आणा, फडकं भिजवून हवा जाणाऱ्या नळीवर शेका. पाणी नळीच्या बाहेरूनच, आत थेंबही नको. यात दहा मिनिटं जातात, इंजिन मात्र वाचतं.

आता तो पाना. खाली उभं राहून, पान्याने किंवा स्क्रू-ड्रायव्हरने सेल्फचे दोन बोल्ट जोडले की सेल्फ फिरतो, हे खरं. पण तसं करताना किल्ली, क्लच आणि न्यूट्रलचे सगळे स्विच बाजूला पडतात. ट्रॅक्टर गिअरमध्ये असेल तर इंजिन पेटताक्षणी तो पुढे निघतो. पान्याने सेल्फ मारणारा माणूस त्या वेळी मागच्या चाकाच्या अगदी पुढ्यात उभा असतो. मागे सरकायला त्याला एक सेकंदही मिळत नाही. ‘मी न्यूट्रल बघितलं होतं’ यावर विसंबू नका. पहाटेच्या अंधारात, औषध कालवून ठेवलेलं असताना, घाईत माणूस चुकतो. सेफ्टी स्विच बिघडला तर तो बदला, पण वायर जोडून कायमचा बाद करू नका. भाऊ हुशार आहे, कारणं नीट सांगितलीत तर त्याला पटेल. त्याला हे पत्र वाचायला द्या.

म्हणून उद्या सकाळी क्रम असा ठेवा : बॅटरीचा व्होल्टेज, मग जोडांची मीटरवर परीक्षा आणि सफाई, मग हिटर प्लग. इंजिन ऑइल पुस्तिकेत सांगितलेल्या ग्रेडचं आहे का, तेही पाहून घ्या. डिझेलच्या नळ्यांना पाना लावायचा नाही, तिथे तुमचा बिघाड नाही. माझा अंदाज विचाराल तर जोड साफ केल्यावरच निम्म्याहून अधिक काम होईल आणि नव्या बॅटरीचे पैसे यंदा वाचतील.

राहिला तुमचा ताजा कलम. पावडर बोर्डोची आहे का? बोर्डोची नाही, पण तुमची नजर चांगली आहे, कारण पदार्थ तोच आहे. बॅटरीतल्या सल्फ्युरिक अॅसिडचे बारीक तुषार बुचांतून आणि खुंटीच्या बुडातून झिरपतात, क्लॅम्पच्या पितळेला आणि केबलच्या तांब्याला लागतात, आणि तांबं व सल्फ्युरिक अॅसिड मिळून कॉपर सल्फेट होतं, म्हणजे आपलं मोरचूद. बोर्डो मिश्रणासाठी तुम्ही चुन्याबरोबर कालवता तेच. फ्रान्समधल्या बोर्डो परिसरातल्या द्राक्षमळ्यांमध्ये मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाने केवड्यावर ते मिश्रण चालतं हे दाखवलं आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं. फवारा उडून बसला असता तर बॅटरीच्या झाकणावर आणि मडगार्डवरही डाग दिसले असते. तुमची पावडर फक्त टर्मिनलवर आहे, तेव्हा ती तिथेच तयार झाली. एकाच टर्मिनलवर जास्त साचत असेल, तर त्या खुंटीच्या बुडाशी बारीक चीर पडली आहे का, ते साफ करताना टॉर्चच्या उजेडात नीट बघा.